इंजिनातला कापूस

लालबाग, ३१ जानेवारी १९५६

कोंडीरामास,

ॲन्टोनेटने सवयीने वरती 'अनेक आशीर्वाद' लिहून टाकलं होतं. मी खोडायला लावलं. खोडलेलं दिसत असेल तर वाचू नकोस, ते तुझ्यासाठी नाही.

ॲन्टोनेट म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची, दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधते ती. मी बोलते, ती लिहिते. अक्षर तिचं, शिव्या माझ्या. काही चुकलं तर मी तिच्यावर ढकलणार नाही. आपल्या घराण्यात चूक दुसऱ्यावर ढकलायचं काम तूच बघतोस.

काल जगदीशला मिलच्या गेटावर अडवलं. हातात चार्जशीट दिली. मिलचं तेल चोरून बाहेर नेलं आणि खाजगी मोटारीत ओतलं म्हणे. चौकशी होईल, तोवर घरी बसा. मी पोराला विचारलं, "साहेबाला कोणी सांगितलं? तो काय आमच्या चौकात येऊन इंजिन हुंगून गेला?" तर नातू माझा खाली बघत म्हणाला, "आजी, शीवच्या आजोबांनी अर्ज केलाय. खाली त्यांची सही आहे."

सही! माझ्या भावाची, तुझी! बापाने तुला रात्रशाळेत घातला आणि मला चुलीपुढे बसवलं, त्याचा मला जन्मभर राग होता. काल तो राग गेला. मी अडाणी राहिले म्हणून निदान माझ्या हातून अर्ज तरी होत नाहीत.

तुला ठाऊक आहे ती जागा कोणाची आहे. माझा लेक भिवा त्या कापड विणायच्या साच्यांमध्येच सूत गिळून खोकत खोकत गेला. खात्यात माणसं लावणाऱ्या जॉबरने मग जगदीशला बापाच्या जागेवर फिटर म्हणून लावून घेतलं. बापाची जागा पोराला, ही गिरणगावाची रीत, आणि तीच एक इस्टेट भिवाने मागे ठेवली. जगदीश चोर ठरला तर ती जागा परक्या माणसाला जाईल. आणि चोर म्हणून काढलेल्याला दुसऱ्या मिलचा दरवान गेटाच्या सावलीत पण उभा करत नाही.

याच महिन्यातले हरताळाचे ते दिवस तू विसरलास का? मी आठवण करून देते. रस्त्यात दगड पडायला लागले तसा तू टॅक्सी आमच्या चाळीच्या चौकात घातलीस आणि अंगावर घोंगडी ओढून माझ्या घरी राहिलास. बाहेर कर्फ्यू, मिल बंद, टॅक्सी बंद. दोन रिकामे पुरुष आणि एक गाडी. "धूर फार सोडते, अक्का, जरा उघडून बघतो," म्हणालास. उघडलं कशाला? आजारी माणसाला पण डॉक्टर आधी जीभ दाखव म्हणतो. तुम्ही एकदम पोटच फाडलंत. जुनं काळं तेल गटारात सोडून दिलंत आणि मग लक्षात आलं की दुकानं बंद आहेत, नवं तेल मिळणार कुठून. तेव्हा जगदीशने खाटेखालचा तेलाचा डबा काढला. पुढचं मला माहीत नाही. मी तांदूळ निवडत होते.

कर्फ्यू उठला तसा तू ऐटीत निघालास आणि खोदादाद सर्कलला इंजिन खडखडून जाम झालं. मग पायी उलटा आलास आणि आमच्या चौकात उभा राहून माझ्या नातवाचा उद्धार केलास. मी तुला एका शब्दाने बोलले नाही. तुझी टोपी गॅलरीतून खाली गटारात गेली ती वाऱ्याने.

अर्ज मागे घे.

जाईबाईचा अंगठा. शाई जास्त लागली आहे, ती रागाने.


लालबाग, ७ फेब्रुवारी १९५६

कोंडीरामास,

तुझं कार्ड मिळालं. पाकिटाला महाग झालास की मुद्दाम कार्डावर लिहिलंस? पोस्टमनने वाचलं, खालच्या पानवाल्याने वाचलं, मग ॲन्टोनेटने मला वाचून दाखवलं. माझ्या आधी अर्ध्या लालबागला कळलं की मी तुझ्या पोटावर पाय दिला.

गाडी बंद, धंदा बंद, अर्ज मागे घेणार नाही, हे सगळं ऐकून घेतलं. पण पुढे लिहितोस, "ओततेवेळी मी गाडीजवळ नव्हतो, वरती झोपलो होतो." झोपला होतास? मेल्या, तुझं घोरणं पाचवीला पुजल्यापासून मी ऐकते आहे. तू झोपलास की शेजारच्या बिऱ्हाडातली भांडी वाजतात. त्या दुपारी एक वाटी हलली नाही.

आता तांदूळ निवडता निवडता माणसाला डोळे असतातच. मी खिडकीत होते. जगदीशने डबा आणला, झाकण उघडलं. तू बोट बुडवलंस, चोळलंस, नाकाला लावलंस आणि म्हणालास, "चालेल रे. ह्याच तेलावर मी तुझ्या मिलमध्ये वर्षं काढली. एवढे मोठे साचे फिरतात, माझी टॅक्सी नाय फिरणार?" टॅक्सी घेण्याआधी तू त्याच खात्यात तेलवाला होतास. हातात कुपी घेऊन साच्यासाच्यातून फिरत होतास. पोराने तुला जाणता समजून ओतलं. तुझ्या गाडीत तुझ्या शब्दावर ओतलेलं तेल, आणि चोर तो!

ॲन्टोनेट म्हणते, आजी, भावाला गाढव लिहू नका. मी म्हटलं, बरं, मग तुमच्या देवळात अशा माणसाला काय म्हणतात ते लिही. ती हसली आणि जागा मोकळी सोडली आहे. ती जागा तुझी तू भर.

तेल चोरीचं नव्हतं हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? साच्यांखाली पत्र्याची ताटं लावलेली असतात. वरचं तेल गळून त्यांत साठतं, ते आठवड्याने टाकून देतात. खात्यातला जो तो त्यातलं डबाभर घरी नेतो. कोणी दाराच्या बिजागरीला, कोणी सायकलच्या साखळीला. तू पण आणायचास. आमच्या मोरीच्या दाराची करकर तुझ्याच तेलाने थांबली. पण साहेब म्हणतो, ते ताटातलं गळतीचं होतं की पिंपातलं नवं होतं, कशावरून? इंजिन जाम, डबा रिकामा, जगदीशने तो घासून त्यात रॉकेल भरलेलं. युनियनवाला म्हणाला, "आजी, तोंडी सांगून भागत नाय. साहेबाला डोळ्यांनी बघायचंय." आता टाकाऊ तेल डोळ्यांनी कसं दाखवायचं?

आणि टोपीचं. बरं, वारा नव्हता.

तू खाली उभा राहून माझ्या भिवाचं नाव घेतलंस. बाप असाच होता म्हणालास. तेव्हा मी टोपी टाकली, आणि गॅलरीतून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हटलं, "गाडीवाला झालास तरी अकलेने तेलवालाच राहिलास!" पोरंसोरं हसली, नळावरच्या बायका हसल्या, तुझे कान लाल झाले. खरं सांग, तुझा अर्ज इंजिनाचा नाही, त्या वाक्याचा आहे. मग मला उभं करायचंस साहेबापुढे. माझा सूड पोराच्या भाकरीवर काय काढतोस?

ते वाक्य मी परत घेत नाही. चांगलं होतं.

तुझी बहीण, फक्त बापाच्या बाजूने,
जाईबाई


लालबाग, १२ फेब्रुवारी १९५६

कोंडीरामास,

काल तुझी बायको येऊन गेली. तुला न सांगता आली होती, म्हणून मी सांगते. तिला काही बोलू नकोस, ती भांडायलाच आली होती.

अर्ध्या जिन्यातूनच सुरुवात केली. "वन्सं, वाटोळं केलंत आमचं!"

मी म्हटलं, "अंबिके, आधी वर ये, दम खा, मग शिव्या दे. माझे कान गेलेत, जिन्यातल्या शिव्या फुकट जातील."

वर आली. पाणी प्यायली. पेला खाली ठेवला आणि पुन्हा धरलं. "गाडी मेस्त्रीकडे पोट उघडं टाकून पडलीय! तो हसतो आम्हाला. म्हणतो, शेठ, ये गाडी है के गादी? खालचं चेंबर सोडवलं, तर तेल ओढून घ्यायची जाळी असते ना, तिच्यावर कापूस! हा एवढा गोळा! जाळी बुजली, तेल वर चढलंच नाही. आतली बेरिंगं मेणासारखी वितळली, वन्सं. दसऱ्याला झेंडूचे हार घातले होते हो मी त्या गाडीला!"

जगदीश त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडला होता. गेटावरून परत पाठवल्यापासून तो असाच पडतो. तो ताडकन उठून बसला.

"शीवच्या आजी, कापूस कसला? सुताचा की रुईचा?"

"मला काय ठाऊक मेल्या? पांढरा होता, आता काळा झालाय."

"आजी, पिंपातल्या तेलात कापूस नसतो," जगदीश म्हणाला. "पिंपाला झाकण असतं. रुई उडते ती साच्यांवर, आणि बसते खालच्या ताटात. कापूस निघाला म्हणजे तेल ताटातलं!"

ऐकलंस? ते ऐकून मी आणि अंबिका दोघी गप्प झालो, आणि आम्ही दोघी एकदम गप्प झाल्याचं तुझ्या लग्नापासून हे पहिल्यांदाच. ज्या कापसाने तुझं इंजिन मेलं, तोच कापूस सांगतो की माझा नातू चोर नाही. मूर्ख आहे. न गाळता ओतलं, एक फडकं सुद्धा लावलं नाही. मूर्ख ठरला तर जागा राहील, शहाणा ठरला तर चोर होईल. जन्मात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं, बाबा, माझ्या घरचा माणूस मूर्ख ठरू दे.

मी अंबिकेला विचारलं, "तो गोळा कुठाय?"

ती कचरली. "ह्यांनी रुमालात बांधून ठेवलाय. पंचांपुढे मांडणार म्हणतात, जगदीशने काय केलं ते सगळ्यांना दाखवायला."

म्हणजे माझ्या पोराला मारायला जी काठी ठेवलीस, तीच आम्हाला आधाराला हवी आहे. आता मला तुझ्याकडे मागावं लागणार. ॲन्टोनेट मघापासून टाक धरून बसली आहे.

शुक्रवारी चौकशी आहे. तो गोळा जाळीसकट घेऊन मिलमध्ये ये.

विनंती असा शब्द ॲन्टोनेटने सुचवला. तो तिच्या पदरचा म्हणून घे.

जाईबाई


लालबाग, १५ फेब्रुवारी १९५६

कोंडीरामास,

अंबिकेच्या हाती निरोप आला. गोळा देशील, पण आधी मी चौकात सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं की तू तेलवाला नाहीस, गाडीवाला आहेस. राजा आहेस बाबा. दुसरा असता तर नवं इंजिन मागितलं असतं.

तर ऐक. आज सकाळी पाण्याच्या वेळेला, नळावर रांग असताना, मी खाली उतरले. माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे, तरी उतरले. कळशीवर कळशी वाजवून सगळ्या बायकांना गप्प केलं आणि म्हटलं, "बायांनो, माझा भाऊ कोंडीराम तेलवाला नाही. मोठा गाडीवाला आहे." इथपर्यंत सगळं तुझ्या मनासारखं झालं. तेवढ्यात समोरची कांता म्हणाली, "मग गाडी कुठाय, जाईबाय?" मी म्हटलं, "गाडी तेवढी चालत नाही."

हसल्या. मी काय करू? माझ्या तोंडाला कुलूप घालायचा अर्ज पण तू साहेबाकडेच कर.

पण मी उतरले होते, कोंडीराम. तू मागितलंस ते दिलं. थोडं सांडलं असेल.

आता दोन शब्द सरळ सांगते. जगदीश अजून रोज पाळीच्या वेळेला उठतो. तोंड धुतो, सदरा चढवतो. भोंगा झाला की त्याचे पाय दाराकडे जातात आणि उंबऱ्यापाशी थांबतात. मग सदरा काढून खुंटीला लावतो. मी मुद्दाम तेव्हा स्टोव्हला पंप मारत बसते, आवाजात काही बोलावं लागत नाही. रात्री त्याने मला विचारलं, "आजी, बाबांच्या जागेवर कोणाला घेतील?" त्याचं उत्तर तुझ्या रुमालात आहे.

युनियनवाला म्हणतो की जाळी नसेल तर चौकशी पाच मिनिटांची. साहेबाने कागद आधीच भरून ठेवला असेल.

येणार नसशील तर तसं कळवू पण नकोस. तुझ्या त्या कार्डावर तर मुळीच नको. पानवाल्यासमोर मला रडायचं नाही.

जाईबाई


लालबाग, १९ फेब्रुवारी १९५६

कोंडीरामास,

मी गेटावर होते. तू बघितलंस आणि न बघितल्यासारखं करून आत गेलास. दरवानाने मला सोडलं नाही. मी त्याला म्हटलं, आतमध्ये माझे दोन मूर्ख आहेत, मोजून परत घेते आणि जाते. तरी नाही सोडलं. तेव्हा आत काय झालं ते जगदीशच्या तोंडून आलेलं आहे, चूक असेल तर गिळ.

तू रुमाल सोडलास आणि जाळी साहेबाच्या टेबलावर ठेवलीस. साहेबाने पेन्सिलीने टोचून विचारलं, "ये क्या है?" तू म्हणालास, "कापूस, साहेब. तुमचाच."

इथे मला हसू आलं. ॲन्टोनेट साक्षीला आहे.

मग साहेबाने साच्याच्या खात्यातून ताटातलं तेल मागवलं, पिंपातलं मागवलं. दोन्ही काचेच्या ग्लासात ओतली, उजेडाला धरली. एकात लव तरंगत होती, दुसरं स्वच्छ होतं. चोरी नाही, साहेबाने मानलं. युनियनवाल्याने टाळी द्यायला हात वर केला, तेवढ्यात साहेब जगदीशकडे वळून म्हणाला, "म्हणजे तू चोर नाही. पण ज्याला इंजिनात कुठलं तेल घालावं कळत नाही, तो माझ्या साच्यांना हात लावणार? याला फिटर कोणी केला?"

बघ आता. मी देवाकडे मूर्खपण मागितलं आणि देवाने मापापेक्षा जास्त वाढलं. जागा चोरीने गेली नाही ती अकलेने जायला निघाली.

जगदीश म्हणतो की तेव्हा तू पुढे झालास. म्हणालास, "साहेब, पोरगा नको म्हणत होता. तेल पातळ आहे, आजोबा, यात घाण आहे, दुकानं उघडू दे, असं दोनदा म्हणाला. मीच ऐकलं नाही. मी ह्या खात्यात तेलवाला होतो, मला वाटलं मला कळतं. मी सांगितलं ओत, म्हणून त्याने ओतलं. मोठ्या माणसाचं ऐकलं, एवढीच त्याची चूक. आणि अर्ज मी रागात केला, तो खोटा आहे."

दाराशी तुझ्या वेळचे जुने साचेवाले उभे होते. तो कुशाबा ओरडला म्हणे, "काय रे कोंड्या, टॅक्सीत साचा बसवलास की काय? सूत किती निघालं?" सगळं खातं हसलं. साहेब पण हसला. आणि हसणाऱ्या साहेबाला पोराच्या पोटावर मारता येईना. ताकीद लिहून दिली. उद्यापासून जगदीश कामावर, फिटर म्हणूनच, भिवाच्याच साच्यांवर.

तू त्या हसण्यात उभा राहिलास. टॅक्सी घेतल्यापासून त्या मिलच्या रस्त्याने यायचं टाळणारा तू. गाडी वळवून लांबून नेणारा. कुशाबा दिसला तर हॉर्न वाजवून पुढे जाणारा.

एक गोष्ट लिहून ठेवते. मी खिडकीत होते. जगदीश एकदाही नको म्हणाला नाही. आनंदाने ओतत होता, गाणं म्हणत होता. तू साहेबापुढे धडधडीत खोटं बोललास, आणि ते सुद्धा इतक्या उशिरा.

हे ऐकल्यापासून मला तुझा जास्त राग येतो. इतके दिवस मी तो मंद आचेवर ठेवला होता, चव घेऊन घेऊन मीठ घालत होते, आणि तू आयत्या वेळी पातेलंच उचलून नेलंस. आता मी काय वाढू? पण एवढं समजून राहा, आग लावलीस तू आणि पाणी ओतलंस तू. पाण्याचे आभार मी मानणार नाही. घर ओलं झालं ते झालंच. गेटातून आत जाताना पोराची मान खाली गेली होती ती मी बघितली आहे, ती तू आयुष्यभर उचलून धरलीस तरी मी विसरणार नाही.

जगदीश सुट्टीच्या दिवशी तुझ्या गाडीच्या कामाला मेस्त्रीच्या हाताखाली जाणार म्हणतो. मी नको म्हटलं. जाणारच म्हणतो. त्याला पाना धरू दे, तेलाच्या डब्याजवळ उभा करू नकोस. तू पण राहू नकोस.

बुधवारी तळलेले बांगडे आहेत. तुला बोलावत नाही. अंबिकेला सांगितलं आहे, तिला एकटीला एवढ्या लांब पाठवणार नसशील तर तुझा तू बघ.

आलास तर पुढच्या जिन्याने चढू नकोस. तिथे संध्याकाळी मिलवाले बसलेले असतात. कामगाराविरुद्ध साहेबाकडे अर्ज करणाऱ्याला लालबाग विसरत नाही. ते तुला नाही नाही ते बोलतील, मग मला खाली उतरून त्यांच्याशी भांडावं लागेल, आणि गुडघे दुखतात. तुला शिव्या द्यायचं काम मी अजून दुसऱ्या कोणाच्या हाती दिलेलं नाही. मागच्या जिन्याने ये.

जाईबाई